एका हिवाळ्यात पक्षितज्ज्ञ व्हा

पक्षितज्ज्ञ व्हायला पक्षी ओळखता यावे लागतात, हा गैरसमज आधी काढून टाका. लागतो तो एक कॅमेरा, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि चारचौघांत न डगमगता बोलायची सवय. ही तिसरी गोष्ट आपल्या भागात माणूस जन्मतःच घेऊन येतो. म्हणजे एक तृतीयांश काम आताच झालं.

त्यात तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहता. पुण्याच्या होतकरूला पहाटे उठून भिगवण गाठावं लागतं. तुम्हाला निळोणा आणि चापडोहचे तलाव गावाला लागून आहेत, बाभुळगावकडे बेंबळा धरण आहे, पुसद-उमरखेडच्या अंगाला इसापूरचं धरण आणि पैनगंगा अभयारण्य, पांढरकवड्याला टिपेश्वर. मुर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून तिच्या रुळांतही बाभळी आणि घाणेरी माजली आहे. तिथे होले, मुनिया आणि वटवटे बिनतिकीट राहतात. फलाटाची सोयसुद्धा आहे.

तेव्हा कारण सांगू नका. पुढच्या सूचना क्रमाने पाळा.

१. मुहूर्त

सुरुवात हिवाळ्यात करा. शास्त्रीय कारण असं की या दिवसांत उत्तरेकडचे पाहुणे पक्षी येतात. खरं कारण असं की ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख सलीम अलींच्या. २०२० पासून सरकारने या दोन तारखांच्या मधले दिवस पक्ष्यांना दिले. चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत रानातल्या माणसांकडून एकेक नाव गोळा केलं, 'पक्षिकोश' लिहिला, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, ते गेले. एवढं थांबायला तुम्हाला वेळ नाही, हे आम्ही समजू शकतो. तुमचं आठ दिवसांत आटपायचं आहे.

आठ दिवसांत किमान एक शाळा करा. मुलांना उन्हात बसवा, पीपीटी सावलीत ठेवा. पडद्यावर काही दिसत नसेल तर जास्त बोला. शेवटच्या स्लाइडवर 'धन्यवाद' लिहून स्वतःचा कॅमेऱ्यासकट फोटो टाका. मागच्या बाकावरचं एखादं पोरगं खिडकीबाहेर पाहून 'सर, थो पाहा शिक्रा' असं म्हणेल. त्याला बाहेर उभं करा. व्याख्यानात व्यत्यय आणणारी मुलं पुढे काही करत नाहीत.

२. हत्यारं

दुर्बीण घेऊ नका. दुर्बिणीतून पक्षी छान दिसतो, पण तो तुम्हाला एकट्यालाच दिसतो. मग उपयोग काय?

लेन्स घ्या, १५०-६०० ची. तिची किंमत लाखाच्या घरात जाते, म्हणून आपल्या जिल्ह्याच्या मापाने हिशेब सांगतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे लेन्स झाली बारा क्विंटलच्या वर. हा हिशेब घरात मोठ्याने करू नका. ज्यांना एवढं परवडत नाही त्यांनी लांब झूमचा साधा कॅमेरा घ्यावा. निकॉनचा पी-९०० हा ८३ पट झूमवाला कॅमेरा त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यातून बेंबळ्याच्या पलीकडच्या काठावरचं बदकही दिसतं. थरथरतं, पण दिसतं.

कपडे मिलिटरी छापाचेच हवेत. पक्ष्यांना रंग माणसापेक्षाही चांगले दिसतात आणि हालचाल तर त्याहून चांगली, त्यामुळे या कपड्यांचा पक्ष्यांवर परिणाम होत नाही. माणसांवर होतो. मात्र एक धोका सांगून ठेवतो. आपल्याकडे रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात, म्हणून शेतकरी रात्र-रात्र मचाणावर जागा असतो. संध्याकाळी तुरीच्या ओळींमधून ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालून, हातात लांब नळी धरून, वाकून चालणारा प्राणी त्याला कसा दिसत असेल याचा एकदा शांतपणे विचार करा. शिवाय शेताभोवती झटका मशीनची तार असते. आभाळाकडे पाहत चालणाऱ्याला ती तार नेमकी गुडघ्याच्या वर लागते. आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ पक्षिछायाचित्रांत आकाश तिरपं का येतं, त्याचं एक कारण हे आहे.

राळेगाव, केळापूर भागात एकटे झुडपात चवड्यावर बसून फोटो काढू नका. माणसं मारणाऱ्या वाघिणीची २०१८ ची आठवण तिथे अजून ताजी आहे. वाघाला लेन्सची किंमत कळत नाही.

३. परसबागेत पाया घाला

पहिले धडे घरीच. जास्वंदीवर शिंजीर येतो, लिंबाच्या रोपाची पानं शिवून शिंपी घरटं करतो, गाडीच्या आरशात स्वतःलाच पाहून दयाळ भांडत बसतो. हे तिन्ही पक्षी फुकट आणि चार हातांवर. म्हणूनच ते ग्रुपवर टाकू नका. घराच्या कुंपणातला पक्षी टाकणाऱ्याला लोक नवखा समजतात. टाकायचाच असेल तर पार्श्वभूमीतला गॅस सिलिंडर कापून टाका आणि खाली 'टिपेश्वर परिसर' असं लिहा. परिसर हा शब्द फार उदार आहे.

उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी मातीचा परळ ठेवा. आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, पाण्याची खरीच गरज असते. पण परळ ठेवण्याची पद्धत असते. एक परळ, त्याला धरलेली सहा माणसं, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर चिमणीचा परदेशी फोटो. २० मार्चला, चिमणी दिनी, फोटो झाला की पाणी ओतून परळ कार्यालयात जपून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा लागतो.

४. पहिला दौरा

टिपेश्वरला पक्षी पाहायला जिप्सीत बसू नका. दीडशे चौरस किलोमीटरच्या आतबाहेरचं हे जंगल पक्ष्यांनी भरलेलं आहे, पण जिप्सीत तुमच्याबरोबर बसलेल्या कुटुंबाने वाघासाठी पैसे भरलेले असतात. तुम्ही 'थांबा, थांबा, सर्पगरुड!' असं ओरडलात की गाडी थांबते, पाच मोबाइल बाहेर येतात, आणि झाडावर पक्षीच आहे असं कळल्यावर तुमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं जातं ती नजर परतीच्या गेटपर्यंत टिकते. २०१९ मध्ये इथला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन चालत निघाला तो थेट बुलडाण्याच्या ज्ञानगंगेत जाऊन पोहोचला. तो जिप्सींच्या रांगेला कंटाळला होता, असं म्हणायला पुरावा नाही.

त्यापेक्षा तलाव बरा. हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर पट्टकादंब येतात. तिबेट-मंगोलियाकडून, हिमालय ओलांडून. इतक्या लांबून आलेला पक्षी काठावरच्या चिखलात मान खाली घालून गवत खात उभा असतो, आणि अशा फोटोला कोणी विचारत नाही. उडता फोटो हवा. म्हणून एकाने कॅमेरा धरायचा, दुसऱ्याने पलीकडून ओरडत पळायचं. थवा उठला की 'टेकऑफ' नावाचा अल्बम तयार होतो. हिमालय ओलांडलेल्याला बेंबळा ओलांडायला कितीसा त्रास, असा सोयीचा विचार मनात आणा.

५. नाव देणं

हा या विद्येचा गाभा आहे, इथे जरा थांबू.

नाव चटकन द्या. जो आधी बोलतो तो तज्ज्ञ, जो नंतर बरोबर बोलतो तो खुसपट काढणारा. नाव देताना आवाज खाली आणा आणि डोळ्यावरून कॅमेरा काढू नका.

आकाशात उंच काही फिरत असेल तर ते गरुड. शेपटी दुभंगलेली दिसली, गावाच्या कचरा डेपोवर ते चकरा मारत असलं, बरोबर त्याचे पन्नास भाऊबंद असले, तरी गरुडच म्हणा. घार म्हटलं की लोक मोबाइलकडे वळतात. तीच घार पांढरी-राखाडी, लालबुंद डोळ्यांची, कापसाच्या शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबलेली असेल तर ती कापशी. हिला तरी नाव बरोबर द्या. कापसाच्या जिल्ह्यात कापशी चुकवणं शोभत नाही.

बारीक, मातकट, गवतातून उडून गवतात गेलेलं काहीही असेल तर त्याला 'वटवट्या' म्हणा आणि पुढे कोणतंही विशेषण लावा. कोणी 'ही तीरचिमणी नाही का?' असं विचारलंच, तर त्याच्याकडे पाहून किंचित हसा आणि 'शेपूट पाहा' म्हणा. शेपूट कोणालाच दिसलेली नसते. हे दोन शब्द वीस वर्षं पुरतात.

अंगावर ठिपके-पट्टे असलेला मोठा पक्षी पिंपळावर दिसला तर 'दुर्मिळ' म्हणून टाका. तो कोकिळ पक्ष्याची मादी निघते, पण तोवर शंभर लाइक आलेले असतात. पावशा आणि शिक्रा यांच्यात तर चुकायला पूर्ण मुभा आहे. पावशा दिसतोच शिक्र्यासारखा, तसाच झेप घेतो, आणि त्याला पाहून बारकी पाखरंसुद्धा घाबरतात. या सोंगाचा त्याला उपयोगही होतो. तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि सातभाई त्याची पोरं पोसतात. सात जणांना फसवणाऱ्याने तुम्हाला एकट्याला फसवलं तर मनाला लावून घेऊ नका. ढग भरून आल्यावर 'पेरते व्हा' असं कोणी ओरडायला लागलं की तो शिक्रा नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. शिक्रा शेतीविषयक सल्ला देत नाही.

काहीच जुळत नसेल तर तीन शब्द आहेत: ज्युवेनाइल, मादी, हायब्रिड. याच क्रमाने वापरा. पुस्तकातला पक्षी आणि फोटोतला पक्षी यांच्यात जेवढं अंतर असेल ते सगळं या तीन शब्दांत मावतं. चौथा शब्द 'लाइटचा प्रॉब्लेम'.

मोबाइलमध्ये मर्लिन नावाचं अॅप टाका. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशाळेने केलेलं आहे, फुकट आहे, फोटो दाखवला किंवा आवाज ऐकवला तर नाव सुचवतं. बहुतेकदा बरं सुचवतं. ते वापरताना मात्र कोणी पाहू नये. झाडामागे जा, नाव वाचा, परत या, आणि आभाळाकडे दोन सेकंद पाहून मगच बोला.

६. आवाज लावणं

पक्षी दिसत नसेल तर त्याला बोलावता येतं. मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज लावायचा आणि ब्लूटूथ स्पीकर झुडपात ठेवायचा. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. तो घरटं, जोडीदार, खाणंपिणं सोडून भांडायला येतो. तुम्ही क्लिक करता. तो शत्रू शोधत राहतो. तुम्ही पुन्हा लावता. असा अर्धा तास. पिल्लांना तेवढ्यात कोणी चारत नाही, पण फोटोत पिल्लं नसल्यामुळे ते कळत नाही.

या पद्धतीचं सर्वोत्तम प्रात्यक्षिक मी जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, आर्णी रस्त्यालगतच्या सागात पाहिलं. नवरंग आलाय अशी बातमी होती. नऊ रंगांचा हा पक्षी पावसाच्या तोंडावर येतो आणि पालापाचोळ्यात उड्या मारत किडे वेचतो. त्याची शीळ दोन सुरांची, लांबवर ऐकू जाणारी. आम्ही पोहोचलो तेव्हा जंगल नुसतं शिळेने भरलं होतं. डावीकडून शीळ, उजवीकडून उत्तर, नाल्यापलीकडून तिसरी. आमच्यातल्या ज्येष्ठांनी वहीत नोंद केली: किमान चार नर, हद्दीवरून जोरदार भांडण. पुढे सरकलो तर एका मोहाखाली दारव्ह्याचे दोन गृहस्थ स्पीकर लावून बसलेले. नाल्यापलीकडे तिसरा एक जण, तोही स्पीकरवाला. तिघांचे मोबाइल एकमेकांना उत्तरं देत होते आणि तिघेही दुसऱ्याच्या मोबाइलच्या दिशेने पोटावर सरपटत चालले होते. खरा नवरंग त्या सकाळी कोणालाच दिसला नाही. वहीतली नोंद मात्र खोडली गेली नाही, कारण ती पेनाने केली होती.

७. काडी आणि घरटं

आता सौंदर्याकडे वळू. फोटोतला पक्षी शेवाळलेल्या, किंचित वाकड्या, एकट्या काडीवर बसलेला असावा, मागे सगळं हिरवं धूसर. अशी काडी आपल्या जंगलात मिळत नाही, म्हणून ती सोबत न्यावी. पाणवठ्याजवळ जाळी लावून आत बसायची सोय असते, तिथे ही काडी आधीच रोवलेली असते. त्यामुळे ग्रुपवर रोज वेगळा पक्षी आणि तीच काडी येते. जुने सभासद पक्ष्याआधी काडी ओळखतात.

याच संदर्भात पक्षिथांब्यांचा एक प्रश्न उभा राहतो. कपाशीत, हरभऱ्यात शेतकऱ्याने टी आकाराच्या काठ्या रोवलेल्या असतात. कृषी विभागच तसं सांगतो. त्यावर कोतवाल, साळुंक्या बसतात आणि पिकावरच्या अळ्या वेचतात. कोतवाल तर दिवसभर एकाच थांब्यावरून खाली झेप घेतो, अळी उचलतो, परत येऊन बसतो. ज्या जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसं गेली, तिथे हा काळा पक्षी औषधाविना, मजुरीविना अळ्या उचलतो आहे. पण थांबा बांबूचा आणि सरळ, फोटोत 'नॅचरल' वाटत नाही. शिवाय कोतवाल कॉमन. मग थांबा उपटून बाजूला ठेवा, तिथे आपली शेवाळलेली काडी रोवा, आणि चास येऊन बसायची वाट पाहा. दसऱ्याला तो दिसला तर शुभ म्हणतात, इतर दिवशी त्याला लाइक जास्त पडतात. जाताना थांबा परत रोवायचं विसरलात तर शेतकरी रोवेल. त्याला सवय आहे.

घरटं म्हणजे छायाचित्रकाराला पर्वणी. पक्षी पळून जाऊ शकत नाही आणि दर दहा मिनिटांनी परत येतो. अडचण फक्त मधल्या पानांची. ती बाजूला करा, दोन फांद्या छाटा, छान प्रकाश येतो. प्रकाशापाठोपाठ कावळाही येतो, पण तोवर तुमचं काम आटोपलेलं असतं. जाणकार लोक 'घरट्याचे फोटो काढू नका' म्हणून कंठशोष करतात. त्यांच्याकडे घरट्याचे फोटो आधीच आहेत, असं म्हणून विषय बदला.

८. माहितगार माणूस

जिल्ह्यात पक्ष्यांची खडान्‌खडा माहिती असणारे दोन वर्ग आहेत: गुराखी-शेतकरी आणि फासेपारधी. दोघांचा उपयोग करून घ्या, पण उपकार मानू नका.

शेतकऱ्याशी संभाषण साधारण असं होतं.

'काय पाहून राह्यले भाऊ?'

'पक्षी, काका. तो बघा, ब्लॅक ड्राँगो.'

'थो कोतवाल व्हय. गाईच्या पाठीवर बसून हिंडते अन् घार आली का तिच्या मागं लागते. त्याच्या झाडावर होला बी घरटं करते, राखण फुकटची.'

'अच्छा, अच्छा.'

'अन् तुमी ज्या बांधावर उभे हाय ना, तेथी टिटवीचे अंडे हाय. पाय पाहून ठेवा.'

पाय उचला. मग घरी जाऊन इंग्रजीत लिहा की प्रदीर्घ क्षेत्रनिरीक्षणातून ड्राँगोच्या संरक्षक वर्तनाची नोंद घेतली. काकांचं नाव विचारलेलं नसल्यामुळे ते देण्याचा प्रश्न येत नाही.

फासेपारधी नुसत्या तोंडाने तितराची बोली काढून तितराला जवळ आणू शकतो. लावा कोणत्या धुऱ्यावर निघेल, हे त्याला पाऊलवाटेवरूनच कळतं. इंग्रजांनी पारध्यांना गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकलं, १९७२ च्या कायद्याने पक्षी धरणं बंद झालं, आणि ही सगळी विद्या आता संशयित म्हणून गावाबाहेर राहते. इथे नियम नीट समजून घ्या, परीक्षेत येतो: तोंडाने आवाज काढून पक्ष्याला फसवणारा तो शिकारी, आणि ब्लूटूथने आवाज काढून फसवणारा तो पक्षिमित्र.

९. दुर्मिळ नोंद

प्रत्येक तज्ज्ञाच्या नावावर एक तरी 'जिल्ह्यातली पहिली नोंद' असावी. ती कशी करावी याचा वस्तुपाठ महाराष्ट्राच्याच एका पक्ष्याने घालून दिला आहे. रानपिंगळा. पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात शहाद्याकडे काही नमुने मिळवले, आणि १८८४ नंतर तो गायब झाला. मधल्या काळात कर्नल रिचर्ड मेनर्टझहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मारल्याची एक नोंद केली. माणूस मोठा, लष्करी, दाढीवाला. सगळ्यांनी विश्वास ठेवला. नव्वदच्या दशकात संशोधक पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा कळलं की कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधला डेव्हिडसनचाच जुना नमुना चोरून, उसवून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. त्यांनी कर्नलची मांडवी सोडली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या गावी शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ दिवसाढवळ्या झाडावर बसलेला रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी.

तुम्ही घ्यायचा धडा असा की कर्नलला सुई, दोरा आणि कापूस लागला, तुम्हाला स्क्रीनशॉट पुरतो. मूळ फोटोत तारीख, वेळ, कधी कधी ठिकाणही लपलेलं असतं. स्क्रीनशॉट काढला की ते गळून पडतं आणि भरतपूरचा पक्षी बेंबळ्याला येऊन बसतो. कोणी मूळ फाइल मागितली तर 'कार्ड करप्ट झालं' म्हणा. ई-बर्डवर नोंद टाकाल तर तिथे तपासणारे असतात आणि ते नम्रपणे, पण चिवटपणे पुरावा मागतात. त्यांच्या वाटेला न जाता थेट वर्तमानपत्राच्या स्थानिक पुरवणीत जा. तिथे पुरावा म्हणून तुमचा पासपोर्ट फोटो चालतो.

साध्या पिंगळ्याला मात्र रानपिंगळा म्हणू नका. आपल्या गावातल्या प्रत्येक चिंचेत एक ठिपकेदार पिंगळा राहतो आणि तो संध्याकाळी तारेवर येऊन मान तिरकी करून तुमच्याकडे पाहतो. अशा गल्लीतल्या साक्षीदारासमोर खोटं टिकत नाही.

१०. भांडण

आठवड्यातून एकदा ग्रुपवर भांडा. विषय कोणताही: गरुडाचं वय, ग्रुप अॅडमिनची निवड, कोणी कोणाचं लोकेशन फोडलं. दुसऱ्याने लोकेशन टाकलं तर 'पक्ष्यांच्या जिवाशी खेळ' असं म्हणा. तुम्हाला हवं असेल तर खासगीत मागा. वाद टोकाला गेला की ग्रुप सोडा आणि त्याच नावापुढे 'मूळ' असा शब्द जोडून नवा ग्रुप काढा. यामुळे जिल्ह्यात पक्ष्यांची संख्या वाढत नसली तरी अध्यक्षांची वाढते.

एवढं जमलं की तुम्ही तयार झालात. पक्षितज्ज्ञ व्हायला या राज्यात ना परीक्षा आहे, ना परवाना, ना वयाची अट. त्यामुळे अर्ज कुठे करायचा असं विचारू नका. रविवारी सकाळी सहाला निळोण्याच्या पाळीवर या. कॅमेरा विसरलात तर जास्तच बरं, आम्ही तुम्हाला नुसतं पाहायला बसवू. शाल मात्र तुमची तुम्ही आणा. संस्थेकडची गेल्या वर्षी सत्कारमूर्ती घरी घेऊन गेले, ते अजून परत आले नाहीत.